उलटून न पाहिलेली सही

मी चौथी नापास माणूस. तरी अकोल्याच्या जुन्या शहरात चाळीस वर्षं पेनं दुरुस्त केली. वकील, मास्तर, कचेरीतले बाबू, सगळ्यांचे निब माझ्या बोटांखालून गेले. पेन दुरुस्त झालं की गिऱ्हाईक कागदावर काय लिहून पाहतं? स्वतःची सही. माणूस सही करताना कुठं दाबतो, कुठं हात सोडतो, हे शिकायला मला शाळा लागली नाही. आता लोक मोबाईलच्या काचेवर बोट घासतात आणि त्याला सही म्हणतात. म्हणोत.

त्या दिवसांत च्युइंगमच्या पुडीतून क्रिकेटवाल्यांचे फोटो निघायचे, पत्त्याच्या पानाएवढे. कॉलेजची पोरं त्याला कार्ड म्हणायची. अमरावतीत मोठ्या खेळाडूंचा सामना झाला की कार्डांवर सह्या घ्यायला झुंबड उडायची, आणि पुढच्या हप्त्यात खऱ्या सह्यांपेक्षा खोट्याच जास्त फिरायच्या. मग भांडणं माझ्या दुकानात. "काका, पाह्यजा बरं, हे खरी हाय का?" शाईचा वास, समोरच्या भट्टीवरचा चहा, आणि टेबलाभोवती माना खाली घातलेली पाच-सहा डोकी. मी बोलेपर्यंत कोणी श्वास सोडायचं नाही. तो मान मला कोण्या कलेक्टरनं दिला नसता.

माझी रीत साधी होती. इंग्रजी येत नाही, ते बरंच झालं. वाचता येणारा माणूस नाव वाचतो आणि फसतो. मी रेघ पाहायचो. खरी सही पळते, तिची शेपटी बारीक होत होत संपते. खोटी करणारा मधेच थांबून नमुन्याकडे पाहतो, आणि थांबला तिथं शाईचा ठिपका सोडतो. शेवटी कार्ड उलटायचं आणि मागून अंगठा फिरवायचा. बॉलपेनचा दाब पाठीवर उमटतो. डोळा फसतो, अंगठा फसत नाही. उलटून पाहिल्याशिवाय मी कधी निकाल दिला नाही. एक डाव सोडून.

तो डाव माझ्या लेकीच्या लग्नातला. माझे भाऊजी, मोठ्या बहिणीचे मालक, अंजनगाव सुर्जीला पानपिंपळीची, म्हणजे औषधी वेलीची, बाग करतात. अमरावतीच्या मैदानावर एका नामी गोलंदाजानं स्वतःच्या तळहातावर कार्ड ठेवून सही केली, हा किस्सा ते येईल त्याला सांगत. त्या दिवशी पहिल्यांदाच ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आले. मी पंगतीत वाढत होतो, हात वरणानं भरलेले. त्यांनी कार्ड समोर धरलं. रेघ जाड, संथ, चार ठिकाणी ठिपके.

"खोटी हाय भाऊजी. कोनंतरी तुमाले बनवलं."

सारी पंगत हसली. भाऊजी पानावरचं पूर्ण जेवले, हात धुतले आणि गेले. त्यानंतर पंधरा वर्षं त्यांनी माझा उंबरा ओलांडला नाही. राखीला बहीण एकटी यायची. मीही गेलो नाही. खोट्याला खोटं म्हटलं, त्यात माफी कसली?

यंदा दिवाळी झाल्यावर बहीण अचानक आली. पाणीसुद्धा न पिता तिनं ते पाकीट माझ्यापुढं ठेवलं. भाच्यानं हौसेनं कार्डाचा फोटो मुंबईच्या कोणा तपासणाऱ्याला पाठवला होता, त्याचंही उत्तर आलं, नकली. तेव्हापासून भाऊजी घरात कोणाशी बोलत नव्हते.

"भाऊ, पंचेचाळीस वर्षं झाले मले त्या माणसासंगं," ती म्हणाली. "तू आता खरं सांग. थो जलमभर माह्यासंगं लबाड बोलला काय?"

मी भिंग काढलं, खिडकीशी बसलो. तीच जाड रेघ, तेच ठिपके. "बाई, खोटीच हाय" एवढं तोंडात आलंही होतं. पण कार्ड आता पाकिटाबाहेर होतं, आणि जुन्या सवयीनं अंगठा मागं गेला.

मागं शेतातल्या वरंब्यासारखी उठलेली रेघ लागली. टेबलावर ठेवलेल्या कार्डात पेन एवढं रुतत नाही. खाली काहीतरी मऊ पाहिजे. तळहात पाहिजे. आणि ती रेघ समोरच्या जाड रेघेला धरून नव्हती, जराशी बाजूनं पळत होती. शेवटी वर उडालेली शेपटी. त्या गोलंदाजाची ती शेपटी मी कितीतरी कार्डांवर पाहिलेली. मग कार्ड उजेडात तिरपं धरलं, तर निळ्या शाईखाली जुनी फिकट रेघ दिसली.

"बाई, हिच्यावरून पेन कोनं फिरवलं?"

"म्या. काहून?"

"काहून म्हंजे!"

"फिकी पडून राहिली होती ना. दसऱ्याले इळ्या-कोयत्यासंगं पूजेत ठेवतो आमी ते कार्ड. देवाचा शेंदूर उडाला तं पुन्हा लावतो, भांड्यावरचं नाव पुसलं तं पुन्हा कोरतो. मंग हिलेच काहून मरू द्याव? दर दसऱ्याले हळूहळू गिरवली, बिलकूल न हलू देता."

"भाऊजीले माहीत हाय?"

"नाई."

मी तिला समजावलं, गिरवलेली सही जाणकाराच्या लेखी बिघडलीच, पण खाली खरी आहे. तुझा माणूस लबाड नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच माझ्याकडं वळली.

"मंग त्या दिवशी काहून नाई पाह्यलं उलटून?"

"हात खरकटे होते बाई."

"तोंड तं मोकळं होतं ना तुह्यं!"

मीच म्हटलं, लाव फोन. तिनं लावून माझ्या हातात दिला.

"भाऊजी, सही खरी हाय. म्या चुकलो."

मग ते म्हणाले, "अन् मुंबईवाला?"

"त्यानं फोटो पाह्यला. फोटोले पाठ नसते." गिरवण्याचं मी बोललो नाही. बहीण समोर श्वास धरून बसली होती.

"साळेबुवा," भाऊजी म्हणाले, "म्या त्या दिवशी तुले इचाराले आल्तो काय? दाखवाले आल्तो."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.