शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे

कांबळे गेल्याचं मला कोर्टातल्या बार रूममध्ये कळलं. वकील गेला की शोकप्रस्ताव होतो, न्यायाधीश गेले की दिवसभराचं काम थांबतं. निवृत्त स्टेनोसाठी कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला, "कांबळे गेले म्हणं," एवढं म्हटलं आणि कप पुन्हा उचलला...

मधुकर कांबळे मंगळवार पेठेत माझ्या मागच्याच गल्लीत राहायचे. कोर्टात साहेबांची लांबलचक वाक्यं टंकताना त्यांचा चेहरा कधी हलला नाही. "साहेब बोलत्यात, स्वल्पविराम आमचा," एवढीच त्यांची फुशारकी.

गुन्हा शाबीत झाला की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीला त्याचं म्हणणं विचारतात. बहुतेक जण तेच ते सांगतात, म्हणून त्याचा एक साचाच झाला होता: आरोपी गरीब आहे, कुटुंब त्याच्यावर अवलंबून आहे, दया करावी. नव्वदच्या दशकात गारगोटीकडच्या एकाने बांधाच्या भांडणात शेजाऱ्यावर कुऱ्हाड चालवली. मी त्याचा वकील. साहेबांनी विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "बायको आंधळी हाय, साहेब. चूल मीच पेटवतो. तिला कुठं ठेवू तेवढं सांगा, मग जातो की."

जेवणाची सुट्टी जवळ आली होती. साहेब कांबळेंकडे वळून म्हणाले, "नेहमीचं घ्या." कांबळेंनी नेहमीचं घेतलं. पाच वर्षं सक्तमजुरी.

वरच्या कोर्टात जामीन फेटाळला गेला. घरच्या विशेष अडचणीचा उल्लेख कागदात कुठेच नव्हता. काही महिन्यांनी कांबळे एका रविवारी त्या गावी जाऊन आले. आधी शेजारणी आळीपाळीने भाकरी देत होत्या, मग सुगी आली, आणि बाईने चूल स्वतःच पेटवली... लोकांनी कांबळेंना काळी पडलेली भिंत दाखवली. बाकी सांगावं लागलं नाही.

मी त्यांची समजूत काढली. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही टंकलंत, तुमचा काय दोष, वगैरे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, त्यो बोलला त्ये आपण ऐकलंय न्हवं?" त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

परवा त्यांची मुलगी एक शाळेची वही घेऊन आली. बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती, म्हणाली. त्या रविवारनंतर निवृत्त होईपर्यंत, आरोपी जे बोलला ते कांबळे घरी येऊन त्याच्याच शब्दांत लिहून ठेवत होते. शिक्षा कुणाला किती झाली, ते कुठेच नाही.

पहिलं पान गारगोटीकडच्या त्या माणसाचं. तो बोलला तसंच, अगदी त्या "जातो की"सकट. आणि खाली, कोर्टाच्या कागदाच्या शिस्तीने, आणखी एक ओळ:

"आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली नाही."