मसाई पठारावर आम्ही वाट चुकलो

रंकाळ्याभोवती पहाटे पळणारे आम्ही सात-आठ जण होतो. महाराज गादीवर होते, पेठेपेठेत तालमी घुमत होत्या. कुणी जोर-बैठका काढल्या तर लोक कौतुकानं बघत, पण नुसताच पळणारा माणूस दिसला की टांगेवाले हटकायचे, "पावणं, मागं कोण लागलंय?" गावानं आमचं नाव 'पळपुटी मंडळी' ठेवलं होतं, आणि आम्हीही ते आनंदानं लावून घेतलं होतं.

आमच्या ओळखीचे एक ड्रिल मास्तर होते. पूर्वी पलटणीत होते, तिथं त्यांनी गोऱ्या शिपायांची एक अजब शर्यत पाहिली होती. तशी आपल्याकडं भरवायचं त्यांच्या मनानं घेतलं. पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर त्यांनी ठिकठिकाणी रंगीत चिंध्या बांधून ठेवल्या. प्रत्येक तुकडीला एक हातानं काढलेला नकाशा आणि एक होकायंत्राची डबी. वाट आपली आपण शोधायची, प्रत्येक ठिकाणची एक चिंधी सोडून आणायची आणि पठाराच्या पायथ्याच्या गावात आंब्याखाली बसलेल्या मास्तरांच्या हातात द्यायची. तुकडी तिघांची. तिघे मिळून पोचले तरच पोचले.

दिवस आषाढाचे होते. आमच्या तुकडीत मी, शिरोळकडनं कॉलेजात शिकायला आलेला, काडीसारखा. दुसरा तालमीतला पैलवान. अंग सुटायला लागलं म्हणून वस्तादांनी त्याला पळायला धाडलं होतं. तिसरा वाड्यावरच्या बँडात कर्णा वाजवणारा मुसलमान तरुण. त्याला आम्ही बँडवाला म्हणायचो. आम्ही धापा टाकत असायचो तेव्हाही तो एखादी चाल गुणगुणत पळायचा.

आदल्या संध्याकाळी बैलगाडीनं जाऊन आम्ही पन्हाळ्याच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळी मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि आमच्या नि बोर्डिंगच्या पोरांच्या मिळून पाच तुकड्या चिखलात घुसल्या. तांबड्या मातीची अशी राड झाली होती की पाय टाकला की माती सोडायलाच तयार नाही. पैलवानाचा एक जोडा पहिल्याच चढाला चिखलात राहिला. त्यानं दुसराही काढून कमरेला बांधला आणि म्हणाला, "आता कसं, मोकळं वाटतंय!"

पहिल्या दोन चिंध्या वाटेलगतच होत्या, त्या पटकन मिळाल्या. मग पठारावर धुकं उतरलं. बँडवाला चार हात पुढं पळत असला तरी नुसती त्याची चाल ऐकू यायची, माणूस दिसायचा नाही. वाऱ्यात नकाशा धरायला मला दोन्ही हात लागत होते, म्हणून होकायंत्राची डबी मी पैलवानाकडं दिली. तो काटा बघून दिशा सांगायचा, मी नकाशा बघून हुकूम सोडायचो, आणि आम्ही धावायचो.

असे धावत आम्ही थेट पठाराच्या कडेला गेलो. पुढं नुसता पांढरा खड्डा. परत फिरलो, पुन्हा काटा बघितला, पुन्हा धावलो, आणि पुन्हा कडेलाच आलो.

"नकाशा उलटा धरला न्हाईस न्हवं?" पैलवान म्हणाला.

"नकाशा सरळ हाय. तूच काटा नीट बघ."

"काटा दावतोय तेच सांगतोय की मी!"

आमचं भांडण रंगात येणार, तेवढ्यात कुत्री भुंकली आणि समोर धनगरांचं एक खोपटं दिसलं. दारात एक म्हातारी ताक घुसळत बसली होती. चिखलानं माखलेली तीन ध्यानं बघून ती जरासुद्धा दचकली नाही.

"कुठं निघालासा पावणं?"

"चिंध्या शोधायला," पैलवान म्हणाला.

"चिंध्या? आणि शिकल्यालं दिसतासा की!" म्हातारी हसली. "बसा. ताक प्या आधी."

डबी दगडावर ठेवून आम्ही बसलो. पैलवानानं ताकाच्या भांड्याला हात घातला, आणि बँडवाला एकदम ओरडला, "आरं थांब! पुन्हा हात कर!"

पैलवानानं हात पुढं केला. डबीतला काटा गर्रकन त्याच्याकडं वळला. हात मागं घेतला, काटा परत आपल्या जागी. पैलवानाच्या मनगटात लोखंडाचं जाड कडं होतं. धुकं उतरल्यापासून उत्तर दिशा म्हणून आम्ही त्याचं मनगट गाठत होतो!

मी पोट धरून हसलो. बँडवाला तर आडवाच झाला. पैलवानानं कड्याकडं बघितलं आणि तोही असा खदखदून हसला की खोपटातली करडं बाहेर पळाली.

पण कडं निघेना. अंगाबरोबर मनगटही भरलं होतं. ओढून ओढून हात लाल झाला. म्हातारीनं आमची झटापट बघितली, उठली, आणि नुकतंच निघालेलं लोणी त्याच्या मनगटाला चोळलं.

"पैलवानानं लोणी खावं म्हंत्यात," ती म्हणाली. "हा लावून घ्यायलाय."

कडं सटकन निघालं. पैलवानानं ते कमरेच्या पटक्यात खोचलं आणि डबी माझ्या हातात आली. "तू फुडं पळ, मी मागनं येतो," तो म्हणाला. म्हातारीनं उरलेलं लोणी भाकरीवर घालून तिघांच्या हातात दिलं. ते खात खातच आम्ही निघालो. आता काटा शहाण्यासारखा वागत होता. उरलेल्या दोन्ही चिंध्या, एक जांभळीच्या फांदीला आणि एक तळ्याकाठच्या झुडपाला, अशा समोर उभ्या राहिल्या की जणू आमचीच वाट बघत होत्या.

उतारावर एक ओढा लागला. पाणी गढूळ आणि जोरात. अलीकडं बोर्डिंगच्या विद्यार्थ्यांची तुकडी उभी होती. ती पोरं हरणासारखी पळायची, पण पाण्यात पाय घालायचं धाडस होईना. पैलवान सरळ मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेवर आपटत होतं.

"या एकेक. धरा हात."

आधी बँडवाला, मग मी. मला वाटलं, आता निघू. पण तो हलला नाही. "ती पोरं काय तिथंच ऱ्हाणार व्हय?" म्हणाला आणि त्या तिघांनाही त्यानं पार केलं. पलीकडं पाय टेकताच ते तिघे जे पळत सुटले, ते मागं वळूनही बघेनात. पैलवानाला त्याचा फारच आनंद झाला. "बघ, बघ कसं पळत्यात! लई गुणाची पोरं!"

शेवटचा उतार म्हणजे गवत आणि चिखल. खाली आंबा दिसत होता, मास्तरांची छत्री दिसत होती, आणि बोर्डिंगची पोरं जपून जपून पाय टाकत उतरत होती. पैलवानाचा पाय सटकला. तो पाठीवर पडला आणि बैल सुटलेल्या गाडीसारखा खाली निघाला. बँडवाल्यानं क्षणभर बघितलं, "या अल्ला!" म्हणून बैठक मारली आणि त्याच्यामागं गेला. दोघेही बोर्डिंगवाल्यांच्या बाजूनं सपकन पुढं गेले.

वर राहिलो मी एकटा. खालून पैलवानाची आरोळी आली, "आरं, बूड टेक की मर्दा! बघतोयस काय!"

मी डोळे मिटले आणि बूड टेकलं. असा वारा कानात शिरला आणि तोंडातून अशी किंकाळी निघाली की गावातली बाया-माणसं बाहेर आली. मी थांबलो तो पैलवानाच्या पोटावर आदळून. तोवर बोर्डिंगची तिघं मास्तरांना चिंध्या देऊन मोकळी झाली होती. आमचा नंबर दुसरा. बक्षीस एक गुळाची ढेप. बोर्डिंगवाल्यांनी मात्र त्यांचा जिंकलेला फेटा पैलवानाच्या डोक्यावर बांधला आणि त्याच्याभोवती नाचले.

रात्री बैलगाडीनं तसेच चिखलात गावी परतलो. बँडवाल्याच्या घरी जेवण होतं. त्याच्या आईनं आम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. "आधी माणसांत या," म्हणत परड्यातल्या हौदावर पाठवलं, आणि आम्ही परतलो तर पुन्हा हौदावरच पाठवलं. मग तांबडा रस्सा आला. पैलवान पाट मोडेल म्हणून भुईवरच बसला. "उद्या वस्तादांनी इचारलं तर?" मी म्हटलं.

"अंग हलकं झालंय म्हणायचं," तो म्हणाला आणि वाटी पुढं केली.