पडद्याच्या कोपऱ्यातलं ‘आपण’

सरकारी टीव्हीवरच्या बातम्यांत कोपऱ्यातल्या चौकटीत एक बाई बहिऱ्यांसाठी हातांनी बोलताना दिसायची. ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. एखादा मंत्री लांबण लावू लागला की ताईचे हात मधेच थांबत. निर्माता काचेपलीकडून कासावीस व्हायचा. ती नंतर शांतपणे सांगे, “ते अजून काही बोललेलेच नव्हते.”

ही भाषा ती घरातच शिकली, दादामुळे. लहानपणी तापात दादाचे कान गेले. आईवडील भाविक होते. दर रविवारी ते त्याला चर्चमध्ये पुढे उभं करायचे, आणि सगळी मंडळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या कानांसाठी प्रार्थना करायची. त्याला कोणी काही विचारलं नाही. मिसरूड फुटल्यावर एका रविवारी तो दाराशीच अडून बसला आणि पुन्हा म्हणून आत गेला नाही. पुढे तो सुतार झाला. खुर्च्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताई चर्चला जात राहिली. यावरून दोघांत कधी वाजलं मात्र नाही.

मग नदीवरचा पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. सरकारने राष्ट्रीय प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. संसदेच्या सभागृहात एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे नेते शेजारी शेजारी उभे राहिले. प्रार्थना सांगायला आलेल्या चर्चच्या पाळकांनी डोळे मिटले. “हे प्रभो, आम्ही सारे तुझ्यापुढे नतमस्तक आहोत.”

ताईला विचार करायला वेळ नव्हता. ‘आम्ही’ची खूण छातीजवळच, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जाऊन संपते. तिने हात लांब केले आणि बघणाऱ्यालाही कवेत घेणारं मोठं वर्तुळ काढलं. आपण सारे.

दुसऱ्या दिवशी दादा तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. “मला का नतमस्तक केलंस?” त्याने हातांनी विचारलं.

“मी फक्त त्यांचं बोलणं पोचवते.”

“त्यांचे ओठ मी बघितले. ते ‘आम्ही’ म्हणाले. ‘आपण’ तू म्हणालीस.”

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचं खरं होतं. तिने पाळकांना गाठून विचारलं, “तुमच्या ‘आम्ही’त कोण कोण होतं?”

पाळक जरा गोंधळले. “सगळेच... म्हणजे, खरं सांगू? समोर उभे होते तेवढेच माझ्या मनात होते.”

पुढच्या वर्षी त्याच दिवशी तीच प्रार्थना झाली. ताईने या वेळी खूण छातीशी आवरती घेतली. आपण चोख काम केलं, असं तिला वाटलं.

आठवड्याभरात एक बहिरी आजी तिला शोधत ऑफिसात आली. पूल कोसळला त्यात तिचा मुलगा गेला होता. आजीच्या खुणा स्वच्छ होत्या. “गेल्या वर्षी तू मला त्यांच्यात घेतलंस. एकटीच घरात होते, तरी सगळ्यांबरोबर रडले. या वर्षीही मी टीव्हीसमोर उभी राहिले. तू मला बाहेर ठेवलंस. का?”

ताईने आजीला बसवलं, चहा दिला आणि कितीतरी वेळ तिच्या मुलाबद्दल ऐकत राहिली.

मग ती दादाच्या कारखान्यात गेली. तो फळीला रंधा मारत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने रंधा बाजूला ठेवला, हातांवरचा भुसा झटकला.

“तिच्यासाठी कर मोठं वर्तुळ.”

“आणि तू?”

“मी टीव्ही बंद ठेवीन.”

“रागावून?”

“छे. तुला तिथे बघितलं की तुझं ऐकावं लागतं. बंद ठेवला की नाही ऐकावं लागत.” तो हसला. “बहिऱ्या माणसाला तेवढी तरी सोय असावी.”

ताईला हसू आलं. ती वाद घालायला आली नव्हती, आणि त्याची समजूत काढावी असं काही उरलंही नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी ताई मोठं वर्तुळ काढते. पाळक बदलले, सरकारही बदललं. वर्तुळ काढताना तिला ठाऊक असतं की एका घरातला पडदा काळा आहे. संध्याकाळी ती दादाकडे जेवायला जाते. प्रार्थनेचा विषय दोघंही काढत नाहीत. बोलायला बाकी पुष्कळ असतं.