फळीवरचं गुजराती वर्तमानपत्र

परभणीला आमच्या शेजारी कापसाचे एक गुजराती व्यापारी राहत. त्यांच्या काठेवाडातल्या गावाकडचं दैनिक त्यांना टपालानं यायचं. दैनिक नावालाच. हाती पडेपर्यंत बातम्या शिळ्या होत, कधी चार अंक एकदम येत. पुण्याचं मराठी वर्तमानपत्र दिसलं की निजामाचे पोलीस जप्त करत, हे मात्र बिनधोक यायचं. एकदा पोलीस अमीनांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, ते ओसरीवर उलटंसुलटं करून पाहिलं.

"इसमें क्या है जी?"

"रुई का भाव, साहब," शेठजी म्हणाले.

"पूरे काग़ज़ पे भाव?"

"और कौन मरा, कौन पैदा हुआ."

अमीन हसले आणि चहा पिऊन गेले. पहिलं पान सत्याग्रहींच्या अटकेनं भरलं होतं.

महायुद्धात कागद मिळेना, तशी पानं निम्मी झाली. बातम्या आटल्या, काळ्या चौकटीतल्या निधनवार्ता तेवढ्याच राहिल्या. शेठजींच्या आईला सगळे बा म्हणत. त्यांना वाचता येत नसे. त्या मुलाकडून आधी निधनवार्ता वाचून घेत. मग अंक सुनेकडे जाई.

सुनेला मी भाभी म्हणायची. माझं लग्न व्हायचं होतं, शाळा सुटली होती; दुपारी भाभी मला तिची लिपी शिकवायची. सुरुवात तिनं आपल्या वडिलांच्या, बापूजींच्या, नावापासून केली. तेही कापसाचे मोठे व्यापारी; आता दम्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांना एकदा डोळ्यांनी पाहून यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिला दिवस गेले होते.

"आधी मोकळी हो, मग जा," बा म्हणायच्या. "बाप कुठं पळून चाललाय?"

टपालवाल्याची चाहूल लागली की भाभी हातातलं काम टाकून दाराशी यायची.

दिवाळीच्या तोंडावर बांनी एकदा भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं. माझी आई कुंपणावरून म्हणाली, "बा, आत्ता कसली अंघोळ करायलात?"

"पाल पडली अंगावर," बा म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या अंकांचा गठ्ठा आमच्याकडे पाठवला. आईनं ते अंक फळ्यांवर अंथरले, लोंबत्या कडांना कात्रीनं नक्षी कापली आणि वर पितळेचे डबे मांडले.

दिवाळी होऊन गेली. डबे घासायला खाली काढले, तेव्हा एका डब्याखाली मला ओळखीची अक्षरं दिसली. भाभीच्या वडिलांचं नाव, खाली त्यांचं गाव. पुढचं बारीक टायपातलं मला लागेना. भोवतीची काळी चौकट मला शोभेची वाटली. कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याचं नाव चौकटीत छापत असतील, असा मी हिशेब केला.

"अगं, फळीवरचा कागद कशाला काढायलीस?" आई ओरडली. मी तोवर कुंपणापलीकडे पोचले होते.

"भाभी, बापूजींचं नाव आलंय छापून! मी एकटीनं वाचलं!"

भाभी हसतच आली. पदराला हात पुसून तिनं कागद घेतला. ती वाचत होती आणि मी शाबासकीची वाट पाहत उभी होते. नक्षीच्या एका त्रिकोणानं शेवटची ओळ कापली गेली होती. तिथवर येऊन तिचं बोट थांबलं. तिनं वरची तारीख पाहिली. मग कागद माझ्या हातात परत दिला आणि ती हौदाकडे गेली.

बा अंगणात गहू निवडत होत्या. भाभीनं भरलेली घागर उचलली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर रिकामी केली. मग दुसरी. मृत्यूची खबर कानी आली की असंच नाहतात, हे आमच्याकडंही होतं. तेव्हा कुठं मला ती काळी चौकट कळली.

आई कुंपणापाशी आली होती. तिनं घाबरून विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?"

भाभीनं तिकडं पाहिलंच नाही. ती सासूकडे वळली. आवाज चढलेला नव्हता.

"बा, त्या दिवशी पाल पडली नव्हती तर."

बांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. गहू फरशीवर पसरले, ते कुणी गोळा केले नाहीत. बा उठून घरात गेल्या, कोरडं लुगडं घेऊन आल्या आणि ते पुढं धरून उभ्या राहिल्या. भाभीनं ते घेतलं नाही.