नलिनीचा समुद्र, मँचेस्टर ते वॉटफर्ड

मँचेस्टरहून माधवचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. माधव हा माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, कॉलेजपासूनचा मित्र. तिकडे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्याची बायको नलिनी जाऊन महिनाही झाला नव्हता.

"वहिनी, तिचा माशांचा टँक तुम्ही न्या," तो म्हणाला. "संध्याकाळी टायमरवर लाइट लागतो आणि वाटतं, आली घरी. मला नाही सहन होत. पण स्ट्रेंजरला द्यायचा नाहीये."

नलिनी वेंगुर्ल्याची. मँचेस्टरच्या त्या करड्या हवेत तिने काचेच्या पेटीत आपला समुद्र मांडला होता. आमच्याकडे, लंडनजवळ वॉटफर्डला, गप्पी आणि एंजलफिश वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते, पण ते गोड्या पाण्यातले. खाऱ्याच्या वाटेला आम्ही कधी गेलो नव्हतो. श्रीकांतने नवी टाकी आणली, पाण्यात समुद्री मीठ कालवलं आणि खारटपणा मापात येईपर्यंत रोज ऑफिसातून आला की तिथेच बसायला लागला. नलिनीच्या हातचं काही मरू द्यायचं नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नकाशा फोनवर नव्हे, माझ्या मांडीवर. एम वन मोटरवेने वर जायचं, मग एम सिक्स धरायचा. बर्मिंगहॅमच्या आसपास गाडी रांगणार हे गृहीत धरा. वाटेतल्या सर्व्हिसेसच्या थांब्यावरचा चहा महाग आणि वर पाणचट, म्हणून थर्मास घरूनच न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. एरवी गाडीत श्रीकांत गात असतो, त्या दिवशी नाही गायला.

माधव फारच वाळला होता. चहासाठी दूध काढायला मी फ्रिज उघडला, तर आत दुधाची बाटली आणि माशांचं खाणं, बस्स. टाकीत मात्र सगळं जागच्या जागी होतं. जांभळी झाक असलेले दगड, त्यांवर हलणारी प्रवाळं, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी. मोठी मादी पुढे, छोटा नर तिच्या मागे मागे.

"हे दगड जिवंत असतात," माधव सांगत होता. "आत बारीक किडे, स्पंज, काय काय असतं. तेच पाणी साफ ठेवतात. नलू म्हणायची, मासे पाहुणे, घर दगडांचं."

दगड आम्ही ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत भरले आणि मासे पाण्यासकट पिशव्यांत घातले. निरोप देताना माधव आमच्याशी नाही, पिशवीशी बोलला. "नीट जा हं."

परतताना मासे गारठू नयेत म्हणून हीटर फुल्ल ठेवला आणि आम्ही घामाघूम होत आलो. अंधार पडायच्या आत घर गाठलं. दारात माझ्या सासूबाई उभ्या.

"माणूस गेलेल्या घरातून आलात ना? आधी आंघोळी करा."

पिशव्या टाकीत तरंगत ठेवायच्या, म्हणजे माशांना हळूहळू नव्या पाण्याची ऊब मिळते. तेवढा वेळ होताच. दगडांची पेटी किचनमध्ये ठेवून आम्ही पाळीपाळीने आंघोळी केल्या.

खाली आले तर सासूबाई सिंकपाशी. नळाचं गरम पाणी, हातात ब्रश.

"काय घाण होती गं त्यात! किडेसुद्धा निघाले," त्या समाधानाने म्हणाल्या. "सुतकातल्या घरचं, न धुता कसं ठेवायचं?"

शेवटचा दगड त्यांनी टॉवेलवर निथळत ठेवला. त्यांचंही काय चुकलं? मुलगा टाकीतली वाळू नळाखाली धुतो, हे त्या कायम बघत आल्या होत्या. श्रीकांत केस पुसत आला, बघितलं आणि स्टुलावर बसला.  मला रडू आवरेना.

तरी वेड्या आशेने दगड टाकीत लावले. चार दिवसांत पाण्याला वास आला. प्रवाळं विरघळून गेली. श्रीकांत रोज पाणी बदलत होता, तरी मादी गेली. छोटा तेवढा वाचला. माधवला फोन मी केला. तो एवढंच म्हणाला, "आईंना बोलू नका काही."

आम्ही नाहीच बोललो. पण काय झालं ते त्यांना कळलं होतं; टाकीपुढून जाताना सासूबाई पदर तोंडाला लावायच्या.

उन्हाळ्यात माधव आला. पाणीही न घेता टाकीसमोर बसला. पांढरे पडलेले दगड, त्यांत तो एकटा मासा. सासूबाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"माधव, मी धुतले रे ते."

"माहीत आहे, आई." मग काचेकडेच बघत त्याने विचारलं, "हा खातो का?"

"पहिले काही दिवस तोंड लावत नव्हता. मी रोज समोर बसायचे. आता खातो." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू?"

माधवने मान हलवली, नाही अशी, आणि लहान मुलासारखा रडला. सासूबाईंनी तिथेच ताट आणलं. वरण-भात, लिंबाची फोड. टाकीसमोर बसून तो सावकाश सगळं जेवला. निघताना त्याने सासूबाईंना विचारलं, "परत येऊ?"

त्यानंतर तो येत राहिला. मासाही बरीच वर्षं जगला. दगडांवरची ती जांभळी झाक मात्र परत आली नाही. आजही कुणाकडून आणलेली वस्तू नळाखाली धरताना माझा हात थांबतो.