जात्यावरची तबकडी

शहापूरच्या घरात मुलीने परवा मला एकच गाणं दोनदा ऐकवलं. आधी मोबाइलवरून नव्या स्पीकरवर, मग जुन्या रेकॉर्डवर. मोबाइलवरचं अधिक स्वच्छ होतं. रेकॉर्डवर आवाज भरदार होता, पण मागे बारीक खरखर होती. ती खरखर ऐकताना खर्डीच्या घरातली लहानपणची एक संध्याकाळ आठवली.

वडिलांनी रेकॉर्ड प्लेअर आणला होता आणि शेजारचे पुरुष ऐकायला ओटीवर जमले होते. टेबल डुगडुगतं होतं. कुणी जवळून चाललं की सुई उडे आणि तीच ओळ पुन्हा सुरू होई.

"ही बाई एवढंच शिकलीय का रे?" बबनकाका म्हणाले. सगळे हसले. वडिलांचा चेहरा उतरला. ते झाकण लावू लागले.

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "थांबा. माझं जातं आणा बाहेर. ते हलायचं नाय."

दोघांनी जातं उचलून आणलं. आईने खुंटा काढून त्यावर गोधडीची घडी ठेवली, वडिलांनी घडीवर प्लेअर. बबनकाकांनी मुद्दाम पाय आपटून पाहिला. सुई जागची हलली नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

तेव्हा मला त्या मशीनचा अभिमान वाटला होता. आज आईचा वाटतो. वडिलांना मात्र ते तेव्हाच कळलं असावं. रेकॉर्ड उलटवताना ते दाराकडे बघून म्हणाले, "आत काय उभी राहतेस गो? पुढं येऊन बस."

आई आली आणि सगळ्या पुरुषांच्या पुढे बसली.