तैवानातला पाहुणचार

चूक माझी नव्हती, हे आधी मान्य करा! मग पाहिजे तेवढं हसा. सुप्याच्या कंपनीत सगळे हसून घेतायत, त्यात तुमचीही भर. पण मला एवढंच सांगा, परक्या गावात कुणी तुमच्यासाठी हात-पाय धुवायला पाणी ठेवलं, शेजारी टॉवेल ठेवला, तर तुम्ही काय समजाल?

थोडं मागचं सांगतो. माझा थोरला भाऊ, दादा, टेम्पो चालवायचा. कर्जत ते पुणे, पुणे ते कर्जत. ढाब्याशिवाय जेवण नाही, आणि मटणाची तर्री पेल्यात घेऊन प्यायचा, सरबत प्यावं तशी. रोज त्यावरून आमचं भांडण. या चैत्रात गेला. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. चाळिशीसुद्धा गाठली नाही हो! माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. भांडण अर्धवट टाकून असं कुणी जातं का?

त्यानंतर चार महिन्यांत कंपनीनं मला तैवानला पाठवायचं काढलं. तिथलं मशीन सुप्यात बसवायचं होतं, ते खोलायला-जोडायला शिकायचं. माझं शिक्षण आठवी, तीही ढकलत ढकलत. पण मशीन माझ्या हाताचं ऐकतं. सोबत फोरमन पठारेसाहेब, कारण त्यांना इंग्रजी येतं. म्हणजे, येतं असं ते म्हणतात.

आई सोडायला तयार नव्हती. शेवटी तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"तेलकट खानार न्हाई, म्हन."

"न्हाई खानार."

"फळं खायाची, उकडल्यालं खायाचं. एक गेला. तू तरी मला धड माघारी ये."

आता आईच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द! मोडायची कुणाची छाती आहे?

आणि तैवानात काय? सगळं तेलात परतलेलं! पालापाचोळा दिसला म्हणून हात घालावा, तर तोही तेलात. आईनं बांधून दिलेल्या भाकरी तिसऱ्या दिवशी बुरसल्या. मग नुसता कोरडा भात. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली. पठारेसाहेब मात्र माझ्यासमोर बशी चाटून पुसून साफ करायचे.

"संतोष, देश तसा वेश, बाबा."

"वेशाचं ठीक हाय, सायेब. पोटाचं कुनी म्हनलंय का?"

तर एके दिवशी दुपारी मी कारखान्याच्या फाटकाबाहेर आलो आणि थबकलो. रस्त्याच्या कडेला लांबलचक टेबल मांडलेलं. त्यावर सफरचंदं, संत्री, द्राक्षांचे घोस, बिस्किटांचे पुडे, अख्खी उकडलेली कोंबडी. शेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेलं घमेलं. घमेल्यावर घडी घातलेला नवा टॉवेल. आणि कंगवा! आसपास माणूस नाही.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आपल्याकडं पाहुणा आला की आधी काय करतो आपण? पाय धुवायला पाणी, पुसायला टॉवेल, मग पाट. म्हटलं, कारखान्याच्या शेठला कळलेलं दिसतंय की पाहुणा आठवडाभर उपाशी आहे. ही रीत साऱ्या जगात एकच आहे म्हणायची! आणि मांडलेल्या ताटावरून पाहुणा उठून गेला तर घरधन्याचा अपमान होतो. तेवढी अक्कल आम्हाला आहे.

मी तोंड धुतलं. घमेलं खाली घेऊन पाय धुतले. टॉवेलनं पुसले. कंगवा ठेवलाच होता, म्हणून भांगही पाडला. आणि एक खुर्ची ओढून बसलो.

किती फळं गेली ते विचारू नका.

एवढ्यात फाटक उघडलं. शेठ, शेठची म्हातारी आई, मागं सगळे कामगार, आणि प्रत्येकाच्या हातात पेटलेल्या उदबत्त्या. मी तोंडात संत्र्याची फोड धरून हात वर केला. "थँक्यू!"

एक बाई अशी किंचाळली की माझी फोडच घशात गेली. म्हातारीनं मात्र मला खालून वर नीट न्याहाळलं. ओले पाय, चापून पाडलेला भांग, खपाटीला गेलेलं पोट. आणि तिनं मला हात जोडले! तिचं बघून सगळ्यांनी उदबत्त्या माझ्याकडं धरल्या.

जिवंत माणसाला उदबत्ती! मी भडकलो. तेवढ्यात पठारेसाहेब पळत आले.

"आरं ऊठ! कुनाचं खातोय ते तरी म्हाईत हाय का?"

"पाहुन्याचं. मी पाहुनाच हाय न्हवं?"

"भुताखेताचं हाय ते! या महिन्यात मेल्याली मान्सं इकडं फिरत्यात म्हनं. ज्यांना घालायला कुनी न्हाई, त्यांच्यासाठी मांडलंय."

"मग भुताला कंगवा कशाला?"

"तूच सांग की. वापरला न्हवं तू?"

पण भोग संपला नव्हता. म्हातारीची खात्री झाली होती की माझ्या अंगात कुणी उपाशी जीव शिरलाय. तो अर्धपोटी राहिला तर कारखान्यातच मुक्काम ठोकणार. म्हणून आतून बदकाची बशी आली. ते बदक जिवंतपणी पाण्यात जेवढं डुंबलं नसेल, तेवढं त्या तेलात डुंबत होतं! म्हातारी बशी पुढं सारायची, मी माघारी सारायचो. आग्रहाला भाषा लागत नाही, हे मला तिथं कळलं.

"सायेब, तिला सांगा, मी तेलकट खात न्हाई."

"भूत पथ्यावर हाय, असं सांगू?"

"माझा भाऊ असलंच खाऊन मेला, असं सांगा! आईच्या डोक्यावर हात ठिवून आलोय मी! आन तुमाला हसाया येतंय!"

ओरडलोच मी. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी छातीवर हात ठेवून शेठला काहीतरी सांगितलं, शेठनं आईला सांगितलं.

म्हातारी आत गेली. एक खुर्ची घेऊन आली आणि माझ्या शेजारी मांडली. माझ्यापुढची बशी उचलून त्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवली, आणि हळूच काही बोलली.

"काय म्हनती?"

पठारेसाहेब माझ्याजवळ वाकले. "म्हनती, तू फळंच खा. हे त्याला देऊ. त्याला आता तेलानं काय हुतंय?"

चार महिन्यांत मी डॉक्टरांशी भांडलो, ढाबेवाल्याशी भांडलो, देवाशी भांडलो. पण दादाला आता काही बाधत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेराव्याला माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. ते सगळं तिथं आलं, भर रस्त्यात, भुताच्या टॉवेलात.

"खा बाबा," मी त्या खुर्चीला म्हणालो. "खा एकदाचं पोटभर."

उदबत्ती विझेपर्यंत सगळे थांबले. मग म्हातारीनं तीच बशी उचलली आणि माझ्यापुढं आदळली.

"आता काय राह्यलंय?"

"मेल्यालं मानूस वासावर जेवतं म्हनं. मागं राह्यल्यालं घरच्यानं खायाचं. न्हाई खाल्लं तर भावाचा अपमान."

माझं डोकंच फिरलं! लहानपणापासून हेच. मास्तरांचे पेरू पाडायचे दादानं, पाठ सोलून घ्यायची मी. मेल्यावरही जेवणार तो, आणि आईला दिलेला शब्द मोडणार मी! रागारागानं एक तुकडा तोडला. एकच, त्याच्या नावानं. आईची मनातल्या मनात माफी मागितली. मग दुसरा तोडला, कारण पहिल्याची चव नीट कळली नव्हती.

हाडं तेवढी उरली. बशीतलं तेल मी बोटानं पुसून घेत होतो. म्हातारी टक लावून बघत होती. मी मान खाली घातली आणि साहेबांना हळूच म्हणालो,

"सायेब, तिला सांगा... दादा आनखी मागतोय."